जिम्नीचे स्पेसर आणि आतले पाच नट

साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट सुरू व्हायच्या आधी मी गाडी बाजूला घेतली. मागच्या डाव्या चाकातून टक... टक... असा आवाज येत होता. वेग कमी केला की आवाजही संथ व्हायचा. चाकी पाना काढून पाचही नट तपासले. घट्ट होते. निघालो, तर पुन्हा टकटक. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी तपासले ते बाहेरचे नट. आतले पाच तसेच राहिले होते.

ज्यांनी चाकांना स्पेसर लावायचा हा उद्योग केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पेसर म्हणजे चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो धुऱ्याच्या टोकाचा भाग, यांच्या मध्ये घालायची चकती; तिच्यामुळे चाक बाहेर सरकतं. माझे स्पेसर 30 मिलिमीटर जाडीचे, ॲल्युमिनियमचे. ही चकती आधी हबच्या पाच स्टडवर, म्हणजे बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, पाच नटांनी कसायची. चकतीला तिचे स्वतःचे पाच स्टड असतात, चाक त्यांच्यावर चढतं. म्हणजे एका चाकाला दहा नट आणि त्यातले पाच चाकाच्या आड लपलेले. चाक उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि पंक्चर झाल्याशिवाय आपल्याकडे चाक उतरवतो कोण?

गाडी मारुतीची जिम्नी, 2023 च्या दिवाळीत घेतलेली. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मुळात 1395 मिलिमीटर. उंच आणि अरुंद गाडी, मागून बघितली की पाय जोडून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसायची. दोन्ही बाजूंना 30-30 वाढवले आणि गाडी ऐटीत उभी राहिली. कारण एवढंच, दिसण्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं, आणि उद्या विमा कंपनीने हात वर केले तर मला बोलायला तोंड नाही, हे ठाऊक असूनही बसवले. दुकानदाराला विचारलं होतं, किती वर्षं टिकतात? "लाइफटाइम, साहेब." बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "कुणाचा, ते विचारून घे."

तर आता रस्त्याच्या कडेला जॅक लावून चाक उतरवलं. आतल्या पाचांपैकी तीन नट बोटांनी फिरले. पाना लागलाच नाही. नटांच्या बुडापासून तांबूस गंजाचे ओघळ बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे पसरले होते. नट सैल झाला की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि तिथून ही पूड निघते. तो ओघळ दिसला की पुढचं काही तपासायची गरज नसते, पण तो बघायला आधी चाक काढावं लागतं.

मागचे दोन्ही स्पेसर तिथेच काढायचे ठरवलं. टायर मूळचेच असल्यामुळे चाकं थेट हबवर बसणार होती. डावा हातात आला. उजवा मात्र हबला चिकटून बसलेला. साखरप्यातून पंक्चरवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी लाकडी ठोकळा धरून चहूबाजूंनी हळूहळू ठोकला तेव्हा तो सुटला. आत पांढरी भुकटी. मी राहतो रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या ओलाव्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याचा जो पांढरा क्षार होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून चकती हबच्या मधल्या गोलावर जाम बसते.

कोल्हापूरला जायचंच होतं, तिथे उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे दोन्ही चकत्या टाकल्या. त्यांनी एक उचलून उजेडाकडे धरली, अंगठ्याने पृष्ठभाग घासला.

"ह्यो काळा रंग कुणी मारलाय?"

"मीच."

"मग स्पेसरला कशाला शिव्या देताय?"

खरं होतं. 2024 चा पावसाळा संपल्यावर मी हौसेने चारही चाकं उघडली होती, गंज खरवडला होता आणि पुन्हा गंजू नये म्हणून हब आणि स्पेसर दोन्हींना झकास काळा ऑइलपेंट मारला होता. तिथेच चुकलो. चाकाचं वजन स्टडवर लटकलेलं नसतं. नट कसला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाने दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, आणि सगळा भार त्या घर्षणावर चालतो. मध्ये रंगाचा थर आला की तो दाबाखाली हळूहळू चेपतो. जेवढा चेपतो तेवढा ताण जातो. कसताना नट घट्ट लागतात, आणि पाचशे किलोमीटरवर ते सैल असतात.

व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावला तेव्हा डाव्या चकतीची दोन भोकं लंबगोल झालेली निघाली. भरून पुन्हा बोअर करता येईल का, विचारलं. त्यांनी उत्तर न देता चकती भंगाराच्या ढिगाकडे सरकवली. त्या हबचे पाचही स्टड बदलले. सैल चाकाने एक स्टड वाकला असेल तर बाकीच्या चारांनीही तेवढाच मार खाल्लेला असतो, दिसला नाही तरी.

नवीन संच घेताना दोन गोष्टी पाहिल्या. धातू 6061-टी6, म्हणजे ॲल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू, फोर्ज केलेला (दाबून घडवलेला). आणि मधलं भोक बरोबर 108 मिलिमीटर, म्हणजे हबवर चपखल. आधीच्याचं भोक मोठं होतं, ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं ते बहुधा त्यामुळेच.

बसवलं मात्र स्वतः. हब वायर ब्रशने घासून उघड्या धातूपर्यंत आणला. कॉपर ग्रीस बोटावर येईल एवढंच, आणि तेही फक्त मधल्या गोलाच्या कडेला. स्टडच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात नाही, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क (पिळण्याचा जोर) दिला तर स्टड जास्त ताणला जातो. नट हाताने फिरवताना फेरे मोजले. स्टड 12 मिलिमीटरचा, आट्यांमधलं अंतर 1.25. स्टडच्या जाडीएवढी तरी पकड हवी म्हणजे जवळपास दहा फेरे. पाच-सहा फेऱ्यांतच नट टेकला तर तो स्पेसर त्या गाडीचा नाही. मग समोरासमोरचे नट आलटून पालटून, तीन टप्प्यांत, 100 न्यूटन-मीटरपर्यंत. टॉर्क पाना अडीच हजारांना पडला. हा खर्च पहिल्याच दिवशी करायला हवा होता. पंक्चरच्या दुकानात आता नट कसायची गन लावू देत नाही, शेवटचं कसणं माझ्या हातचं. तिथला पोरगा मला वेडा समजतो.

शंभर किलोमीटर चालवून पुन्हा चारही चाकं उतरवली. वीसपैकी चार नट थोडेथोडे फिरले. नव्या जोडणीत एवढं बसतंच. त्यानंतर दर पाच हजार किलोमीटरला, शिवाय मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा. एका माणसाला दोन तास लागतात. नव्या चकत्यांना मी अजून काही झालेलं पाहिलेलं नाही. झिजतात ते नट, स्टड आणि आपला उत्साह.

गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. गेल्या रविवारची नोंद: पुढची दोन्ही ठीक. मागचं डावं ठीक, कडेला पांढरी भुकटी, घासली. मागचं उजवं, एक नट पाव फेरा फिरला. 100 कि.मी.नंतर परत उघडणे.