माऊसवर हात ठेवून वाचणं सोडलं

आज सकाळी लॅपटॉपवरून लेकीला मेसेज केला, शेवटी नेहमीसारखं ‘आई’ लिहिलं आणि गेलं ‘अई’. तिचा लगेच फोन, आई बरी आहेस ना? बरी आहे गं, काल कीबोर्डचं सेटिंग बदललंय म्हटलं. तेच आज लिहून ठेवते, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मला 2019 पासून पार्किन्सन्स आहे, हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा आजार. सुरुवात थरथरीने झालीच नाही, आधी अक्षर बारीक व्हायला लागलं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं, आणि मी चष्म्याचा नंबर तपासून आले. मग उजवा हात. लोकांना वाटतं काही करायला गेलं की हात थरथरतो, पण पार्किन्सन्समध्ये बहुतेकदा उलटं असतं, हात नुसता टेकलेला असला की थरथर सुरू होते, सेकंदाला 4 ते 6 वेळा, आणि काही उचलायला गेलं की कमी होते. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं पण कॉम्प्युटरशी त्याचा संबंध लावायला मला दोन वर्षं लागली. तोवर माऊस बदलत बसले होते, हा जड, तो हलका, एक ट्रॅकबॉलवाला. चुकीचे क्लिक व्हायचे ते मी काम करताना नाही, तर वाचताना, माऊसवर हात ठेवून शांत बसलेली असताना. बोट आपसूक दाबलं जायचं आणि भलतंच पान उघडायचं, एकदा तर अर्धवट लिहिलेलं मेल निघून गेलं आणि मला रडू आलं होतं.

आता वाचताना हात मांडीवर. खाली जायला स्पेसबार, वर यायला शिफ्ट आणि स्पेस. फाइल उघडायला डबल क्लिक करत नाही, बाणाच्या बटणांनी फाइलवर जायचं आणि एंटर. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला, आणि यात एक रुपयाचंही सामान लागत नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

टायपिंगचं मात्र अजून जमवतेय. एक ‘क’ दाबायला गेलं की तीन यायचे, म्हणून काल विंडोजमधलं फिल्टर कीज चालू केलं, त्यात असं करता येतं की तेच बटण अर्ध्या सेकंदाच्या आत परत दाबलं गेलं तर दुसरं धरायचंच नाही. छान चाललं, पण मी फोनेटिक टाइप करते ना, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी, तिथे ‘आ’साठी इंग्रजी ‘ए’ (a) लागोपाठ दोनदा दाबावा लागतो, आणि ते दुसरं ‘ए’ कॉम्प्युटर थरथर समजून गिळतो. म्हणून आई ची अई. उपाय दोन, वेळ थोडी कमी करायची नाहीतर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी) शिकायचं, तिथे आ ला वेगळं बटण आहे पण शिफ्ट धरून. ते विंडोजमधल्याच स्टिकी कीजने जमतं, आधी शिफ्ट दाबून सोडायचं आणि मग अक्षर, दोन बोटं एकदम लागत नाहीत. मी इनस्क्रिप्ट शिकायचं ठरवलंय, या वयात बोटांची सवय मोडायला जड जातंय तरी.

बोलून टाइप कर असं सगळे सांगतात. करते की, फोनवर मराठीत चांगलं येतं, पण या आजारात आवाजही बारीक होतो हे फार कमी लोकांना माहीत असतं. मला वाटतं मी नीट बोलतेय आणि फोनला ऐकूच जात नाही. पार्किन्सन्सची गोळी लागू पडली की आवाज खुलतो, मला पाऊण तास लागतो, मग दोन-अडीच तास चांगले, त्यानंतर उतरायला लागते. त्यामुळे मोठं मेल, फॉर्म, फोनवर बोलायची कामं सगळी त्या मधल्या वेळात. ओटीपीचं सगळ्यात अवघड, आकडे वाचून टाकेपर्यंत मुदत संपते आणि घाई केली की थरथर अजून वाढते. आता ओटीपी आला की लेकीला फोन लावून मोठ्याने वाचून दाखवत नाही (तो कुणालाच सांगायचा नसतो), आधी कागदावर मोठ्या आकड्यांत उतरवते, डावीकडून एकेक टाकते, आणि गेला तर परत मागवते. परत मागवण्यात काही कमीपणा नाही हे स्वतःला पटवायला बरेच दिवस गेले.

याच आजाराने घरात पाय दारापाशी अडकतो, जमिनीला चिकटल्यासारखा. तिथे रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो.

बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवलाय. नवीन सही द्यायला सोमवारी जायचंय, 11 ला, 10 ची गोळी तोवर लागलेली असेल.