आमची वाटचाल: आधी माप, मग रिम

आमचा धंदा रिम विकून सुरू झाला नाही, लेथवर सुरू झाला. धाकटा भाऊ टर्नर, मी हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणारा. बुश, पिन, शाफ्ट, जे येईल ते करून द्यायचं. त्यात एक काम वारंवार येऊ लागलं: अलॉय व्हीलच्या मधल्या भोकात बसवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा.

आफ्टरमार्केट रिम, म्हणजे गाडीच्या कंपनीचं नसलेलं, बाहेरून घेतलेलं रिम, अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, पुष्कळदा ७३.१ मिमी. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, उंचवटा मात्र गाडीगणिक वेगळा. माझ्दा एमएक्स-५ च्या आताच्या पिढीचा ५४.१, टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडचा ५६.१, होंडा एस२००० चा ६४.१. मधली फट रिंगेने भरायची. लोकांना वाटतं गाडीचा भार रिंग उचलते. तसं नाही. भार पेलतं ते आवळलेल्या नटांचा दाब आणि त्या दाबामुळे हबच्या सपाट तोंडावर धरून राहणारं घर्षण. नट आवळले जाईपर्यंत रिम बरोबर मध्यावर धरायचं, एवढंच रिंगेचं काम. पण रिम केसभर जरी सरकून आवळलं गेलं तरी वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं, आणि मालक बॅलन्सिंगवाल्याकडे खेटे घालत राहतो. प्लास्टिकच्या रिंगा ट्रॅकवर तापलेल्या ब्रेकशेजारी मऊ पडतात, म्हणून ट्रॅकवर जाणारी मंडळी आमच्याकडे यायची.

रिंगांच्या पाठोपाठ स्पेसर आले, म्हणजे चाक बाहेर काढायला हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या चकत्या. "साहेब, चाक फार आत दिसतं, पंधरा मिमीचा स्पेसर करून द्या." एकदा असंच कोणी सांगत असताना भाऊ मशीन बंद करून आला आणि म्हणाला, "दादा, ह्यांना विचार, पंधराच का?" त्या गृहस्थांनी फोन काढून एक फोटो दाखवला. पुढच्याला विचारलं, त्यानेही फोटोच दाखवला. त्या फोटोतल्या गाडीचं स्प्रिंग वेगळं, कँबर (चाकाचा उभा कल) वेगळा, टायर वेगळा, फेंडरची आतली कड बहुधा ठोकून मुडपलेली. त्यातलं काहीच फोटोत दिसत नाही. आमच्या धंद्याने वळण घेतलं ते इथे. स्पेसर करून देण्याआधी गाडी मोजायची, असं आम्ही ठरवलं.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारं तोंड यांतलं अंतर. ते मिमीमध्ये मोजतात आणि रिमवर 'ईटी' या अक्षरांपुढे लिहिलेलं असतं. तोंड मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर आकडा धन. आकडा कमी होईल तसं चाक बाहेर येतं. इथवर सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ होतो तो रुंदी बदलली की. टोयोटा ८६ च्या मूळ रिमचं माप १७ इंच व्यास, ७ इंच रुंदी, ऑफसेट ४८. त्याजागी ८ इंच रुंद, ४५ ऑफसेटचं रिम लावलं तर लोक म्हणतात, "तीनच मिमीचा तर फरक." रुंदीचा अर्धा भाग ऑफसेटमध्ये मिळवा: हबच्या तोंडापासून आतली कड आधी १३६.९ मिमीवर होती, आता १४६.६ वर गेली. अर्ध्या रुंदीतून ऑफसेट वजा करा: बाहेरची कड ४०.९ वरून ५६.६ वर आली. म्हणजे आत शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे जवळजवळ १० मिमी आणि बाहेर फेंडरकडे जवळजवळ १६. फोटोवाले गृहस्थ ज्या रिमच्या प्रेमात होते ते साडेनऊ इंची, २२ ऑफसेटचं. तोच हिशेब केला तर बाहेरची कड ५८ मिमी पुढे येते. आत फक्त ६. हे रिम मुळात वेगळ्या बांध्याच्या गाडीसाठी काढलेलं, आणि आत जागा शिल्लक असताना सगळं बाहेर लोटणारं.

कागदावरचा हिशेब मूळ रिमपासून किती सरकलो ते सांगतो. जागा किती आहे हे गाडीच सांगते, आणि उभ्या गाडीखाली पट्टी धरून ती कळत नाही, कारण खड्ड्यात आणि वळणावर चाक जिथे जातं ती जागा वेगळी असते. भावाने हबला बोल्ट करता येईल अशी एक गोल प्लेट फिरवून घेतली आणि तिच्यावर मागेपुढे सरकणाऱ्या दोन पट्ट्या बसवल्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गाडी स्टँडवर घ्यायची, स्प्रिंग काढून ठेवायचं, हब जॅकने बंपस्टॉपला (सस्पेन्शन जिथे अडतं त्या रबराला) टेकेपर्यंत वर उचलायचा, मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दर थांब्याला पट्टीवरचा आकडा वहीत. आत शॉकच्या नळीपासून किंवा स्प्रिंगच्या ताटलीपासून निदान ५ मिमी मोकळे हवेत. बाहेरच्या बाजूला जास्त मोकळीक लागते, कारण वळणात टायर कुशीला झुकतो. या कामाला अर्धा दिवस सहज जातो. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण वही जी आहे ती याच कंटाळ्यातून भरली.

ब्रेकचं माप निराळं घ्यावं लागतं. व्यास, रुंदी, ऑफसेट तिन्ही सारखे असलेल्या दोन डिझाइनपैकी एकाचे आरे कॅलिपरला (ब्रेकच्या चकतीला पकडणाऱ्या भागाला) चाटतात, दुसऱ्याचे चाटत नाहीत, कारण आऱ्यांचा बाक वेगळा असतो. त्यासाठी कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा कापून तो रिममध्ये फिरवून बघायचा. ज्या रिम कंपन्या असा साचा काढून देतात त्यांच्याशी व्यवहार करायला आम्हाला आवडतं.

नटाचं बूड हा तसा बारका विषय, पण दुर्लक्ष झालं तर महागात पडतो. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोलाकार, आफ्टरमार्केट रिमची बैठक बहुतेक ६० अंशांच्या शंकूची. गोल बूड शंकूत टेकतं ते एका कडेवर, आणि टॉर्क रेंच 'टिक' वाजवून सगळं ठीक असल्याचं सांगतो. म्हणून जुने नट नव्या रिमला आम्ही लावत नाही.

स्पेसर बंद केले नाहीत. मात्र हबची कड झाकून टाकणारा आणि स्वतःला कड नसलेला पातळ स्पेसर करणं सोडलं. नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतका चढायला हवा. १२ मिमीचा, दीड मिमी आट्याचा स्टड असेल तर पूर्ण आठ फेरे. तेवढे भरत नसतील तर आधी लांब स्टड, मग स्पेसर. यावर घासाघीस करणारं गिऱ्हाईक हसतमुखाने परत पाठवायचं हे मी कालांतराने शिकलो; भावाला ते पहिल्या दिवसापासून जमायचं.

टायर विकायला आम्ही उशिरा लागलो, तेही नाइलाजाने. रिम बरोबर बसवून दिलं की मालक परस्पर कुठला तरी टायर चढवून यायचा आणि घासल्याची तक्रार आमच्याकडे. टायरवरच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. २२५/४५ आर१७ म्हणजे रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची; पण ही छापील रुंदी साडेसात इंची रिमवरची असते. रिम अर्धा इंच वाढलं की टायर साधारण ५ मिमी फुगतो, आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. खांदा चौकोनी असलेला ट्रॅकचा टायर जिथे घासतो तिथे गोल खांद्याचा रस्त्याचा टायर बिनधास्त फिरतो.

व्यासाचं गणितही आलंच. ८६ चा मूळ २१५/४५ आर१७ भरतो ६२५ मिमी, २२५/४५ भरतो ६३४. दीड टक्का म्हणजे किरकोळ वाटतं, पण स्पीडोमीटरचा काटा तेवढा मागे पडतो आणि फेंडरखालची साडेचार मिमी जागाही जाते. यूएन नियम ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. कारखान्यातून मीटर थोडा जास्तच दाखवणारा येतो, त्या सवलतीतून आपण उचल घेतो. २४५/४० आर१७ मात्र ६२८ वर येतो, मूळ मापाच्या अगदी जवळ. पण तो ८ इंची रिमवर जेमतेम बसतो. त्याला साडेआठ-नऊ हवं. उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवून मागणारे येतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा खाली जाऊ देत नाही: ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ८४ म्हणजे ५००.

चारही चाकांवर जोर असलेल्या गाड्या आल्या की हा व्यास दुप्पट जपावा लागतो. निस्सान जीटी-आर आर३५ ला पुढे २५५/४० आर२० आणि मागे २८५/३५ आर२०. रुंदी वेगळी, पण व्यास ७१२ आणि ७०७.५, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आत. पुढचा टायर हौसेने २६५/३५ केला तर तो ६९३.५ वर उतरतो आणि पुढच्या-मागच्या फेऱ्यांतली तफावत ट्रान्स्मिशनच्या माथी बसते.

एस२००० वाल्यांशी वाद ठरलेला. नंतरच्या एस२००० ला पुढे २१५/४५, मागे २४५/४० आर१७. पुष्कळांना चारही चाकं सारखी हवी असतात: १७ इंच, रुंदी ९, ऑफसेट ६३, २५५/४०. टायर अदलाबदल करता येतात, पुढची पकड वाढते. ऐकायला छान. पण शेपूट आधीच चपळ असलेल्या या गाडीला कंपनीने मागे रुंद टायर दिला तो उगाच नाही. पुढची पकड वाढवली की अँटिरोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) आणि अलाइनमेंटही (चाकांचे कोनही) नव्याने जमवावी लागते. ते करायची तयारी असेल तर आम्ही हा सेट आनंदाने बसवतो, नाहीतर मूळ रचनाच थोडी रुंद करून देतो.

चाक बाहेर काढण्याची खरी किंमत डोळ्यांना दिसत नाही. स्टिअरिंग ज्या तिरप्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम ऋण ठेवलं होतं, एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी गाडी सरळ राहावी म्हणून. ऑफसेट २० ने कमी केला की हे अंतर २० ने बाहेर सरकतं. मग रस्त्यावरच्या चाकोऱ्या स्टिअरिंग ओढू लागतात, ब्रेक मारताना हाताला हिसका बसतो, बेअरिंगवरचा ताण वाढतो. चाकाला तरफ जास्त मिळाल्याने स्प्रिंगही थोडं मऊ भासतं. म्हणून आत जागा असेल तर रुंदी आधी आत वाढवायची, उरलेली बाहेर. फोटोत हे तितकं उठून दिसत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावणं माझ्या वाट्याला.

आज लेथ आहेच, शिवाय अलाइनमेंटचं मशीन, टायर चढवायचं मशीन आणि दोन फिटर. नवा सेट बसवल्यावर फेंडरच्या आतल्या कडेला खडू फासून गाडी चालवून आणतात. खडू पुसला गेला असेल तर गाडी परत स्टँडवर. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्कवर तपासायला मालकाला बोलावतो. बरेच जण येत नाहीत, तेव्हा आम्हीच फोन करतो. सध्या भाऊ पोर्शेच्या ५×१३० मापाची, म्हणजे १३० मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट असलेली, प्लेट फिरवतोय. तिथे हबची कड ७१.६ मिमीची आणि नटाऐवजी बोल्ट, त्यामुळे जुनी प्लेट चालत नाही.