बिनरंगाचं पाणी

सकाळी साडेसातलाच उन्हाचा चटका लागत होता. मे महिन्यातलं सोलापूर. टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. गेटातच ऑपरेटर मामा सामोरे आले. "ताई, जादू झाली बघा. पाणी पार निवळलंय."

खरंच होतं. संध्याकाळी लालभडक असलेला हौद आता फिकट पिवळा दिसत होता. शेठही खुशीत होते. "सोडा बाहेर. आज रंगाची कटकट नाही."

मला मात्र आधी वास आला, सडक्या अंड्यांचा. मग लक्षात आलं, हौदात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघरच नाही. रात्री कधीतरी पट्टा तुटला होता. पाण्यातला ऑक्सिजन मोजला तर लिटरला 0.2 मिलिग्रॅम, आम्हाला 2 च्या खाली चालत नाही.

रोजच्यासारखा एक थेंब काचपट्टीवर घेतला. हौदातल्या, घाण पचवणाऱ्या आमच्या गाळात जिवाणूंच्या अनेक जाती एकत्र नांदतात. त्या सगळ्या प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढत नाहीत, म्हणून त्यांची तब्येत मी त्यांच्या शेजाऱ्यांवरून ओळखते. व्हॉर्टिसेला हा एकपेशीय जीव त्या शेजाऱ्यांतला माझा सर्वांत भरवशाचा: बारीक देठावर उलटी घंटा, धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो. त्या दिवशी नुसते देठ दिसले. घंटा सुटून गेल्या होत्या. पोटात गोळा आला.

म्हटलं, "शेठ, वॉल्व्ह उघडू नका. रंग गेलाय, घाण नाही गेली."

हवा नसली की काही जिवाणू सूत रंगवायच्या ॲझो रंगाच्या रेणूतला दोन नायट्रोजनमधला बंध तोडतात. तो तुटला की रंग जातो, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं उरतात. त्यांतली काही चांगलीच विषारी. ती पचवायला बहुतेक वेळा हवेवर जगणारे जिवाणू लागतात, आणि आमचे तेच रात्रभर गुदमरले होते.

शेठना पटेना. मग तेच पाणी गाळून बीकरमध्ये घेतलं आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप लावला. शेठ खुर्ची ओढून समोरच बसले. तासाभरात कडा पिवळ्या गडद झाल्या, दुपारपर्यंत पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी. हवा लागली की काही अमाइन्स आपसूक असा रंग धरतात. सीओडीचा, म्हणजे पाण्यात घाण किती ते सांगणाऱ्या चाचणीचा, आकडाही आला: लिटरला 870 मिलिग्रॅम. बाहेर सोडायची मर्यादा 250. शेठ काही बोलले नाहीत. उठून स्वतः वॉल्व्हला कुलूप घातलं.

पट्टा चार वाजता बसला. शेजारच्या प्लांटमधून टँकरभर जिवंत गाळ आणून हौदात ओतला. पुढचे तीन दिवस मामा आणि मी आळीपाळीने ऑक्सिजन मोजत होतो, रात्रीसुद्धा.

चौथ्या दिवशी, सकाळच्या दुसऱ्या थेंबात एक घंटा दिसली. मामांना बोलावून दाखवली. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ हलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "आखडली की ओ."

आता जुना रिकामा हौद आधी बिनहवेचा ठेवायचा आणि मग पाणी हवेच्या हौदात घ्यायचं, असा नकाशा मी शेठपुढे ठेवलाय. जे त्या रात्री चुकून झालं, ते मुद्दाम आणि पुरतं करायचं आहे.