जुन्या सॅन अँड्रियासला मॉड लावताना

जीटीए सॅन अँड्रियास हा गेम प्लेस्टेशन २ वर २००४ साली आला, पीसीवर २००५ साली. पीसीवर येताना संध्याकाळची ती नारिंगी झाक आणि गाड्यांवरची चमक मागेच राहिली. मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमसाठी बनवलेले बदल, लावताना मला तोच रंग परत हवा असतो. पण रंगाचं काम सर्वात शेवटी. आधी गेम न अडखळता चालला पाहिजे.

गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवत नाही. तिथे विंडोज लिहिण्याची परवानगी अडवतं आणि बदललेल्या फाइल्स गुपचूप दुसऱ्याच जागी जातात. वेगळं फोल्डर करून त्याची एक कोरी प्रत बाजूला ठेवतो. मग आवृत्ती तपासतो. बहुतेक मॉड १.० अमेरिकन आवृत्तीच्या एक्सईसाठीच (गेम चालवणाऱ्या मुख्य फाइलसाठीच) लिहिलेले आहेत. स्टीमवरची नवी आवृत्ती असेल तर डाउनग्रेडर (गेमला १.० वर परत नेणारा प्रोग्रॅम) चालवावाच लागतो. हे टाळलं की मॉड एकतर लागतच नाही किंवा गेम सुरू होताच बंद पडतो.

त्यानंतर एएसआय लोडर (मॉडच्या एएसआय फाइल्स गेममध्ये चढवणारा), सायलेंटपॅच (मूळ गेममधल्या चुका दुरुस्त करणारा) आणि वाइडस्क्रीन फिक्स (रुंद पडद्यावर चित्र नीट बसवणारा). सायलेंटपॅचशिवाय हा गेम नव्या विंडोजवर खेळूच नये असं माझं ठाम मत आहे. स्किमर या समुद्री विमानाचंच बघा. वाहनांच्या यादीच्या फाइलमध्ये त्याच्या ओळीत चाकांच्या मापाचे शेवटचे आकडेच नाहीत. गेम ती जागा कोरी न करता वाचतो, त्यामुळे आधीच्या वाहनाचे आकडे मेमरीत तसेच पडलेले असत आणि वीस वर्षं काम भागलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मेमरीची तीच जागा दुसऱ्या कामात वापरली जाऊ लागली, आकडे भलतेच आले आणि स्किमर दिसेनासं झालं. चूक गेमची, दोष मात्र विंडोजला गेला! सायलेंटपॅचच्या नव्या आवृत्तीत हे दुरुस्त आहे.

आता मेमरी. जोरात विमान उडवताना खालचे रस्ते गायब होतात, इमारती धुरकट राहतात. ग्राफिक कार्ड कमकुवत म्हणून नव्हे. मूळ गेम स्ट्रीमिंगसाठी, म्हणजे खेळताना आसपासचा नकाशा भरत राहण्यासाठी, जेमतेम ५० एमबी राखून ठेवतो आणि जड टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आले की ती जागा भरते. ओपन लिमिट अ‍ॅडजस्टर टाकून त्याच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये ही मर्यादा वाढवतो. शिवाय गेम ३२ बिटचा असल्याने त्याला २ जीबीच मेमरी दिसते. एक्सईला ४ जीबीचा पॅच लावला की ६४ बिट विंडोजवर ती दुप्पट होते.

फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतील याला मर्यादा घालणारं गेममधलं सेटिंग) चालूच ठेवा. तो बंद केला की पोहण्याचा वेग मंदावतो, गाड्यांचं वागणंही बदलतं, कारण गेमची बरीच गणितं ३० फ्रेमवर बांधलेली आहेत. ६० हवेच असतील तर ही गणितं सावरणारा फ्रेमरेट व्हिजिलांट हा मॉड सोबत लावा.

पुढचे मॉड मी मॉडलोडरमध्ये, प्रत्येकाला स्वतंत्र फोल्डर देऊन टाकतो. गेमच्या मूळ आर्काइव्हला (एकत्र बांधलेल्या फाइल्सना) हात लागत नाही आणि नको झालं की फोल्डर उडवलं, काम झालं. प्रत्येक मॉडनंतर गेम चालवून बघतो. पाच-सहा एकदम टाकले तर क्रॅश कोणामुळे झाला हे शोधत बसावं लागतं. माऊस हलेनासा झाला किंवा मेनूतच गेम पडला, तर डॉक्युमेंट्समधल्या युजर फाइल्सच्या फोल्डरातली जीटीए-एसए-सेट फाइल काढून टाका. सेटिंग नव्याने तयार होते, सेव्ह शाबूत राहतात.

रंगासाठी स्कायजीएफएक्स हा मॉड. त्याच्यासोबत येणारी डीएलएल (गेमला लागणारी सहायक फाइल) गेमच्या मुख्य फोल्डरातच हवी. आयएनआयमध्ये कलर फिल्टर, इमारती आणि गाड्या, तिन्हींना पीएस२ ची पद्धत देतो. मग प्रोजेक्ट२डीएफएक्स: रात्री माउंट चिलियाड या गेममधल्या डोंगरावरून दूरचे रस्त्यावरचे दिवे दिसू लागतात. त्यातलं ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दिसावं ते) हळूहळूच वाढवा. एकदम वाढवलं की साध्या लॅपटॉपवर फ्रेम कोसळतात.

ईएनबी हा दृश्य चकचकीत करणारा मॉड मी साध्या ग्राफिक कार्डावर लावत नाही. सावल्या आणि प्रतिबिंबांचा भार फार पडतो, शिवाय मूळ रंग झाकला जातो. तरी लावायचाच असेल तर त्याची डी३डी९ डीएलएल आणि डीएक्सव्हीकेची (गेमचे ग्राफिक्सचे आदेश नव्या पद्धतीत बदलून देणाऱ्या साधनाची) त्याच नावाची डीएलएल एकाच फोल्डरात राहू शकत नाहीत, दोन्हींतली एकच निवडा. डीएक्सव्हीके घेतलं तर ३२ बिटच्या फोल्डरातली फाइल घ्या; ६४ बिटची टाकली तर गेम उघडणारच नाही.