कुंपणाच्या आत सापडलेली

सकाळी ७ ला, म्हणजे तिकडे रात्री साडेदहाला, लातूरहून काकांचा फोन आला. जुलै २०२२. मी हवाईतल्या ओआहू बेटावरच्या वायानाए डोंगरात, कुंपणाच्या आत गुडघ्यांवर बसून पालापाचोळा चाळत होतो.

"कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं रे गोगलगायींनी. तू सांगत होतास ती गोगलगाय खाणारी गोगलगाय, इकडं आणता येईल का?"

संध्याकाळी बोलतो म्हणालो, कारण हातात नुकताच एक शंख आला होता. रिकामा, पण अखंड. उंदराने खाल्लेला शंख फुटलेला असतो. हा आतून धुतल्यासारखा होता. म्हणजे ती गोगलगाय खाणारी कुंपणाच्या आत शिरली होती.

आमच्या कुंपणाच्या भिंतीला तीन अडथळे आहेत: खाली वाकवलेली कड, कापलेल्या तांब्याच्या जाळीची टोकं आणि विजेची तार. आत काहुली, झाडावरच्या गोगलगायी. पानावरची बुरशी खातात, वर्षाला मोजकीच पिल्लं देतात, वयात यायला ३ ते ५ वर्षं लावतात. वाऱ्याने मोडलेली फांदी भिंतीवर आडवी पडली आणि तिचा पूल झाला. तार बंद पडल्याचा इशारा चार दिवस आधीच आला होता. कार्यालयात कुणी तो उघडूनही पाहिला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

दुपारी ती दिसली. गुलाबी-तपकिरी, चातीसारखी निमुळती. तोंडाशी मिशांसारखे दोन ओठ. ते फांदीवर टेकवत एका चिकट रेघेवरून सरळ निघाली होती, काहुलीच्या कितीतरी पट वेगाने. रेघेच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं पिल्लू होतं. मी तिला उचललं तेव्हा दोघांत वीतभर अंतर उरलं होतं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. १९५५ मध्ये इथे नेमका हाच विचार झाला. तुमच्या रानात आहे त्याच आफ्रिकन गोगलगायीला मारायला हिला फ्लोरिडाकडून आणलं. मोठे आफ्रिकन शंख तिला झेपेनात, तिने डोंगरातल्या लहान गोगलगायी संपवत आणल्या. आफ्रिकन आजही इथेच आहे.

"मग आम्ही काय करायचं?"

गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर पसरा, म्हटलं, आणि सकाळी हाताने वेचा.

"सहा एकर? हाताने?"

मला पुढे बोलता आलं नाही. ही शिकारी गोगलगाय अंडी मातीत घालते. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण भिंतीच्या आतली माती ओंजळ ओंजळ करून चाळायला बसलो.