वळवाच्या वासाची बरणी

मे महिन्यात दुपारी ढग भरून येतात, गल्लीत धूळ उडते आणि आपल्याकडं थेंबही पडायच्या आत, पाऊस झालेल्या गावाकडून मातीचा वास येतो. डोळ्यांना दिसलेलं आणि कानांना ऐकू आलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्याकडं जातं, मग पुढं. वासाला हा थांबा नाही. तो नाकातून घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागात, आणि तिथून थेट भावनांच्या अमिग्डलापाशी, आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या शेजारी पोचतो. म्हणून वासाचं नाव सुचण्याआधीच घसा दाटून येतो. शब्दांनी किंवा फोटोंनी जागं होतं ते बहुधा तरुणपण. वासानं मात्र पुष्कळदा दहा वर्षांच्या आतलं बालपण जागं होतं.

परगावी गेलेल्या मुलांसाठी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा वास जपून ठेवता येतो. खानापूरकडची जांभी लाल माती किंवा चिकोडीकडची काळी, वाटीभर घ्या. खडे काढा, कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. प्लॅस्टिक नको, ते स्वतःचाच वास देतं. ओल राहिली तर बुरशी धरते आणि बरणी उघडल्यावर नुसता कुबट वास येतो.

वास घ्यायचा तेव्हा दोन चमचे माती बशीत पसरा आणि वितभर उंचीवरून बोटांनी आठ-दहा थेंब शिंपडा. ग्लासभर पाणी ओतलंत तर चिखल होईल, वास मात्र फारसा येणार नाही. थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो, तेव्हा त्याच्याखाली हवा अडकते. तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्या तुषारांबरोबर जिओस्मिन हे मातीच्या वासाचं रसायन हवेत येतं. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि आपलं नाक त्याच्याबाबतीत विलक्षण तिखट आहे.

बेळगावी बासमतीचा वास जपायचा असेल, तर मात्र तसं नाही. तांदळाचा सुगंध साठवणीत उडत जातो, म्हणून सालासकट भात ठेवा. हवा तेव्हा चार चमचे कांडा, कपात घालून वर उकळतं पाणी ओता आणि दोन मिनिटं झाकून ठेवा.

हुंगायचं ते दोन-तीनदा, हलकं. नाक खुपसून बसलात तर थोड्याच वेळात काही कळेनासं होतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी राहणाऱ्याला तो उग्र वास जाणवत नाही, पाहुण्याला मात्र लगेच शिंका येतात. दिवसांचंही तसंच होतं. स्टँडवर एसटीची वाट पाहताना अर्धा तास संपता संपत नाही, कारण सगळं लक्ष घड्याळावर असतं. महिन्यानं मात्र त्या अर्ध्या तासाचा मागमूस राहत नाही. मागं वळून काळ मोजताना आपण आठवणी मोजतो. एकासारखा एक गेलेला दिवस त्यात धरलाच जात नाही. ‘वर्ष कसं गेलं कळलंच नाही’ म्हणतो, ते यामुळंच.

बरणी रोज उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्वयंपाकघरात, टीव्हीसमोर उघडत राहिलात तर त्याच वासाला नव्या जागा चिकटतात आणि जुनी आठवण पुसट होते. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. झाकणावर गावाचं नाव आणि माती भरल्याची तारीख लिहा, आणि पुढच्या मेमध्ये, वळीव पडायच्या आधी, नवी माती भरा.