डाव्या बाजूची भोकं

सायकली गाडीच्या मागे टांगून न्यायला हिच बसवायची, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला खालून लोखंडी आडणी बोल्टांनी जोडायची, जिच्या चौकोनी तोंडात सायकलींचा रॅक अडकतो. हे गॅरेजमधलं तसं आरामाचं काम. इंजिन उघडायचं नाही, तेलात हात घालायचे नाहीत. बऱ्याच गाड्यांना बनवतानाच मागे भोकं ठेवलेली असतात, त्या मॉडेलसाठी केलेली हिच त्या भोकांवर बरोब्बर येते आणि दोन-तीन तासांत गाडी खाली उतरते. ही गाडी मात्र संध्याकाळपर्यंत रॅम्पवरच होती.

नवरा-बायकोने ती सेकंडहँड घेतलेली. दिसायला देखणी, मागच्या बंपरवर एक ओरखडा नाही. चार सायकली न्यायच्या होत्या, त्यांतल्या दोन बॅटरीवाल्या. फोनवरच मी त्यांना सायकलींची वजनं करायला लावली होती. लोक हिचच्या पाटीवर ती किती ओढेल तो आकडा बघतात आणि खूश होतात. सायकलींना त्या आकड्याचा उपयोग नाही. हिचवर उभा भार, म्हणजे वरून खाली दाबणारं वजन, किती चालतं ते बघायचं. सव्वा इंची तोंडाच्या सगळ्यात हलक्या हिचला तो २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास असतो. यांच्या बॅटरीवाल्या सायकली प्रत्येकी २५ किलो, साध्या दोन मिळून २८ आणि रॅक स्वतःच २४. बेरीज १०२. म्हणून दोन इंची तोंडाची, जास्त भाराची हिच मागवली. गाडीच्या पुस्तकातली मर्यादाही पाहून घेतली, कारण हिच आणि गाडी यांच्यात जो आकडा लहान तोच खरा.

बंपर उतरवायला घेतला. उजवीकडच्या क्लिपा कुरकुरत, धूळ सांडत निघाल्या, एक तुटलीसुद्धा. डावीकडच्या अलगद हातात आल्या. नव्या होत्या. बंपरच्या आतला लोखंडी आडवा दांडा बघितला तर डावीकडच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने खरवडलेला. आणि पत्र्याच्या जोडांवर सांधे बुजवणाऱ्या लेपाचा, म्हणजे सीलरचा, जो थर असतो, तो उजवीकडे सरळ एका रेषेत, डावीकडे ब्रशने फासलेला.

तरी काम पुढे नेलं. सायलेन्सरच्या रबरांना साबणपाणी लावून तो थोडा खाली सोडला आणि हिच जॅकवर धरून वर नेली. हे बोल्ट आत घालायची पद्धत गमतीची आहे. डिकीच्या फरशीखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांब पोकळ पेट्या असतात, त्यांच्या आत हात जात नाही. मग बोल्टच्या भोकातून तार घालायची, ती पलीकडच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिच्या टोकाला बोल्ट फिरवून लावायचा आणि आतून ओढत आणायचा. उजवीकडचे दोन्ही बोल्ट असे पहिल्या फटक्यात आले. डावीकडे हिचचं भोक आणि पेटीचं भोक एकमेकांवर येईचनात. पुढच्या भोकात थोडा फरक, मागच्यात तर निम्मा बोल्ट अडेल इतका.

हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, कानशीने भोक वाढवू, वर जाड वॉशर टाकू. बंपर चढला की कोण बघतंय?"

त्याला दोष देत नाही, असं काम करणारे पुष्कळ आहेत. पण हिच वाकडी असेल असं मला वाटेना. एका साच्यात बनलेली वस्तू ती. मी टेप काढला आणि पुढच्या पक्क्या बोल्टांपासून दोन्ही पेट्यांच्या शेपटांपर्यंत तिरकी मापं घेतली. डावी बाजू जवळजवळ एक सेंटीमीटर आखूड निघाली. टॉर्चने आत पाहिलं तर शेपटाजवळ पत्र्याला घडी पडलेली, वरून रंग मारलेला.

पोराला मी तिथेच जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवली. सायकलींचा भार मागच्या बोल्टांच्याही मागे ७० सेंटीमीटरवर लोंबतो. पुढचे आणि मागचे बोल्ट यांच्यात अंतर २० सेंटीमीटर. म्हणजे हिचची पुढची कड वर दाबते आणि मागचे बोल्ट खाली ओढले जातात. हिशोब केला तर गाडी जागेवर उभी असतानाच मागच्या बोल्टांवर दोन्ही बाजू मिळून साडेचारशे किलोच्या वर ओढ येते. खड्ड्यात गाडी आदळली की ती आणखी किती तरी वाढणार. आणि ते मागचे बोल्ट नेमके त्या चुरगळलेल्या पत्र्यात.

मालकांना बोलावून गाडीखाली उभं केलं. नवरा बराच वेळ वर बघत राहिला. "आम्हाला तर गाडीला काही झालेलं नाही असं सांगितलं होतं." मग जरा थांबून, "निदान दोन सायकलींपुरती बसवता येईल का?"

मी नाही म्हटलं. बाई मात्र मुद्द्यावर आल्या. "सायकलींचं राहू द्या. मागून कुणी धडकलं तर?"

त्याचं उत्तर देणं जड गेलं. मागून धक्का बसला की ही पेटी घडी होऊन तो सोसते, म्हणजे आत बसलेल्यांपर्यंत तो कमी पोचतो. एकदा घडी झालेली पेटी दुसऱ्यांदा कशी वागेल याची हमी मी देऊ शकत नव्हतो, आणि तसं सांगितलं. हिच उतरवली, पुन्हा खोक्यात भरली, फोटो आणि मापं कागदावर लिहून दिली आणि चासीची मापं काढणारा बेंच असलेल्या डेंटिंगवाल्याकडे जायला सांगितलं. दिवसभर रॅम्प अडवून काम शून्य, म्हणून शेठ कुरकुरले. त्यांचंही बरोबर होतं.

पुढे गाडी परत आली. पेटीचं शेपूट कापून नवीन जोडलेलं, सोबत मापांचा कागद. या वेळी डावीकडचे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, सूचनापत्रात दिलेल्या आकड्यावर लावून ते आवळले आणि रॅक चढवला. जड सायकली गाडीच्या बाजूला, हलक्या बाहेर, बॅटऱ्या काढून आत. नंबरप्लेट आणि दिवे रॅकच्या आड जात होते, म्हणून रॅकवरच्या दिव्यांची वायर जोडली. पार्किंगचे सेन्सर रिव्हर्स टाकताच रॅकलाच भिंत समजून ओरडायला लागले, ते बंद करायचं बटण दाखवलं. शेवटी खाली बसून पाहिलं तर आतल्या सायकलीचा टायर थेट सायलेन्सरच्या तोंडासमोर. लांबच्या प्रवासात त्या गरम धुराने रबर वितळतं. ती सायकल उलट दिशेने लावली, चाक बाजूला गेलं आणि गाडी सोडली.